रद्दी, सुरी आणि टर्पेंटाइन

चि. छकुली,


तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही पाहिले. रोज सकाळी कॅनव्हाससमोर उभं राहिलं की कालचं काम पटत नाही, दिवसभर ते बदलत राहतेस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. बरोबरच्या मुलींची दोन-दोन कामं पुरी झाली, तुझं एकच ईझलवर अडकलंय, त्यावर 'ओव्हरवर्क झालंय' असा शेरा मिळाला, म्हणून तुझा धीर सुटलाय. फोनवर चार शब्दांत समजूत काढता आली असती, पण ती तुला पुरली नसती. तेव्हा सावकाश लिहितो. आधी काही चित्रकारांची रोजची कामाची रीत सांगतो. तुझ्या कॅनव्हासकडे शेवटी येऊ.

फ्रँक आउअरबाखपासून सुरुवात करतो, कारण चित्र रोज नव्यानं मांडायचं हे त्याच्याइतकं चिकाटीनं क्वचितच कुणी केलं असेल. जन्म 1931 चा, बर्लिनचा. ज्यू घरातला हा मुलगा आठ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, 1939 साली, आईवडिलांनी त्याला एकट्यालाच इंग्लंडला पाठवलं. ते दोघे मागे राहिले आणि आउशवित्झच्या छळछावणीत मारले गेले. लंडनच्या कॅम्डन भागातला एक स्टुडिओ त्यानं 1954 साली घेतला आणि पुढची सत्तर वर्षं तिथेच काम केलं. विषयही मोजकेच: स्टुडिओभोवतीचे रस्ते आणि ठरलेली काही माणसं. ज्युलिएट यार्डली मिल्स ही मॉडेल चाळीसेक वर्षं त्याच्यासमोर बसली. कॅथरीन लँपर्ट ही नंतर कलाप्रदर्शनांची मोठी संयोजक झाली, ती 1978 पासून येत राहिली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दोनेक तासांची बैठक. सणवार, सुट्ट्या त्याच्या वर्षात जवळजवळ नव्हत्याच.

आता त्या बैठकीत काय होई ते बघ. दोन तासांत बोर्डावर पूर्ण चेहरा उभा राही. रंग ओला, जाड, ब्रशच्या एकेका फटक्यात हनुवटी, एकेका फटक्यात कपाळ. पुढच्या बैठकीला तेच माणूस येऊन बसे, आणि काम सुरू करण्याआधी आउअरबाख मागच्या खेपेचा रंग सुरीनं खरवडून काढी, नाहीतर ओल्या रंगावर वर्तमानपत्राचा कागद दाबून तो उचलून घेई. बोर्डावर फक्त एक पुसट छाया उरे. त्या छायेवर पुन्हा पहिल्यापासून पूर्ण चेहरा. असं महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त. मग एखाद्या दिवशी सगळं जुळून येई आणि त्या दिवशीचा रंग तो खरवडत नसे. ते चित्र झालं.

याचा अर्थ नीट लक्षात घे. संग्रहालयात टांगलेलं त्याचं पोर्ट्रेट आपण बघतो तेव्हा दिसणारा जवळजवळ सगळा रंग एकाच, शेवटच्या बैठकीत लागलेला असतो. म्हणून ते इतकं ताजं दिसतं. आधीच्या बैठकांमधला रंग कचऱ्यात गेलेला असतो, पण त्या बैठकांमधलं बघणं गेलेलं नसतं. त्या नाकाची धार, मान वळण्याची तऱ्हा, डोळ्याच्या खोबणीतला अंधार हे सगळं हातात इतकं मुरलेलं असतं की शेवटच्या दिवशी विचार करायला थांबावं लागत नाही.

सुरुवातीला तो असा खरवडत नव्हता. पन्नाशीच्या दशकातल्या चित्रांवर रंगाचे थर नुसते साचत गेले, इतके की काही चेहरे भिंतीतून पुढे आल्यासारखे वाटतात. रंग महाग, म्हणून तेव्हा तो काळा, पांढरा आणि गेरूसारखे मातीचे स्वस्त रंगच मुख्यतः वापरी. त्याच काळात त्यानं केलेली कोळशाची मोठी पोर्ट्रेट्स मला सगळ्यांत जास्त शिकवणारी वाटतात. 2024 साली लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत ती एकत्र मांडली होती, त्या प्रदर्शनाचं पुस्तक मिळालं तर जरूर बघ. कोळशानं चेहरा काढायचा, पुढच्या बैठकीला खोडायचा, पुन्हा काढायचा. खोडून खोडून कागद विरायचा आणि फाटायचा. मग तो त्या जागी दुसऱ्या कागदाचं ठिगळ चिकटवी आणि त्यावर पुढे काम करी. चित्रात ती ठिगळं लपवलेली नाहीत. गालाच्या मध्येच चौकोनी कडा दिसते, तिच्यावरून कोळशाची रेघ सरळ पलीकडे गेलेली असते. खोडलेल्या कोळशाची जी करडी धूळ कागदाच्या धाग्यांत बसून राहिली, तिनंच त्या चेहऱ्यांना खोली दिली आहे. तशी राखाडी छटा एका बैठकीत कुणाच्या बापाला जमणार नाही.

तुला वाटेल, हा एक हट्टी माणूस, त्याला कशाला प्रमाण मानायचं? मग मातीसकडे बघ. त्याची चित्रं इतकी हलकी वाटतात, की एका सकाळी उरकली असावीत असं कुणालाही वाटावं. 1935 साली नीसमध्ये त्यानं आडव्या पहुडलेल्या स्त्रीचं एक चित्र सुरू केलं. आज ते 'गुलाबी नग्निका' म्हणून ओळखलं जातं आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. कॅनव्हास लहानच, रुंदीला मीटरभरही नाही, आणि त्यावर तो वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत झटत होता. मॉडेल होती लिडिया देलेक्तोर्स्काया, जी त्याची मदतनीसही होती. बदल करताना तो रंगवलेल्या कागदाचे तुकडे कापून कॅनव्हासवर टाचण्यांनी लावी, ते सरकवून बघे, पटलं तर रंगवी. दिवसाचं न पटलेलं काम टर्पेंटाइननं पुसलं जाई आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ जागेवर सुरुवात होई. मधल्या अवस्थांचे त्यानं फोटो काढवले आणि त्यातले 22 फोटो बाल्टिमोरच्या एटा कोन या संग्राहक बाईंना पाठवले. पुढच्या वर्षी चित्र त्यांनीच घेतलं.

ते फोटो ओळीनं लावून बघ. पहिल्यात एक खरीखुरी बाई कोचावर पडली आहे, मागे खुर्ची आहे, फुलदाणी आहे, खोलीला खोली आहे. फुलं सुंदर आहेत. मग हळूहळू हात लांबतो, डोकं लहान होतं, अंग कॅनव्हासच्या कडांना भिडतं, खुर्चीची नुसती एक नक्षी उरते आणि कोचाच्या जागी निळ्या चौकड्यांची सपाट जाळी येते. मधल्या एकेका अवस्थेवर दुसऱ्या कुणी आनंदानं सही करून मोकळं झालं असतं. मातीसला या फोटोंची लाज तर नव्हतीच. डिसेंबर 1945 मध्ये पॅरिसच्या माग गॅलरीत त्यानं आपली चित्रं मांडली तेव्हा प्रत्येक चित्राभोवती त्याच्या अवस्थांचे मोठे फोटो मुद्दाम टांगले होते.

बोनारची गोष्ट आणखी वेगळी. दक्षिण फ्रान्समधल्या ल कॅने गावच्या त्याच्या घरात स्टुडिओ अगदी लहान. तो कॅनव्हास चौकटीवर ताणतच नसे. मोठं कापड भिंतीवर खिळ्यांनी ठोकायचं, शेजारी दुसऱ्या चित्राचं कापड, त्याशेजारी तिसरं. म्हणजे चित्राची हद्दसुद्धा शेवटपर्यंत मोकळी. एक रंग तयार झाला की तो घेऊन या कापडावरून त्या कापडावर जायचं आणि कुठे कुठे तो लागतो ते बघायचं. समोर मॉडेल नाही. वहीतल्या पेन्सिलच्या टिपणांवरून आणि आठवणीतून सगळं चाले. बागेतल्या दोन तरुणींचं एक चित्र त्यानं 1920 नंतर सुरू केलं, ठेवून दिलं आणि वीस वर्षांनी, 1945-46 मध्ये, पुन्हा हातात घेतलं. तोवर त्या दोघीही या जगात नव्हत्या. संग्रहालयात लागलेल्या आपल्या चित्रावरही तो मित्राला पहारेकऱ्याशी बोलत ठेवून खिशातल्या रंगानं हात फिरवून यायचा, असं सांगतात. जानेवारी 1947 मध्ये तो गेला. अंथरुणाला खिळलेला असताना फुललेल्या बदामाच्या झाडाच्या आपल्या शेवटच्या चित्रात, खालच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा त्याला खुपत होता. त्यानं पुतण्याला हाताशी घेऊन तिथे पिवळा लावून घेतला. ते चित्र आता पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात आहे.

आपल्याकडे गायतोंडे. गिरगावच्या चाळीत वाढलेला, 1948 ला जे.जे.मधून बाहेर पडलेला हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करी. इथे बदलाची जागाच निराळी आहे. बराच काळ नुसतं बसून बघणं, कोरा कॅनव्हास मनात सिद्ध होऊ देणं, आणि मग काम. रोलरनं पातळ रंगाचा थर, सुरीनं तो खरवडणं, मासिकांचे-वर्तमानपत्रांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलणं, पुन्हा थर. त्याच्या पिवळ्यातून किंवा करड्यातून जो उजेड आतून आल्यासारखा वाटतो, तो वरून लावलेल्या रंगाइतकाच काढून घेतलेल्या रंगाचा आहे. 2014 साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याचं नावच 'चित्र म्हणजे प्रक्रिया' या अर्थाचं होतं. चित्रकार बरव्यांची रीत त्याहून वेगळी. ते एनॅमल वापरीत आणि त्या रंगात फार घोळ घालता येत नाही. त्यामुळे त्यांचं खोडणं-बदलणं पुष्कळसं डायऱ्यांतच होई, रेखाटनं आणि शब्द शेजारी शेजारी. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक वाचलं असशीलच, नसेल तर माझी प्रत देतो.

लंडनमध्ये आउअरबाख आणि दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये गायतोंडे, दोघांच्याही हाताशी रद्दी होती. न्यू यॉर्कमध्ये डी कूनिंग रंग लवकर वाळू नये म्हणून ओल्या कॅनव्हासवर वर्तमानपत्रं अंथरून ठेवी. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या त्याच्या 'ईस्टर मंडे' या चित्रात छापील शाईचे उलटे ठसे अजून दिसतात. त्याच्या 'वूमन वन'ला दोन वर्षं लागली. मधे त्यानं ते चित्र टाकूनच दिलं होतं. मायर शापिरो या कलाइतिहासकारानं ते पाहून त्याला पुन्हा कामाला लावलं. 1953 साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ते विकत घेतलं.

आता तुझा कॅनव्हास.

तू ऑइलमध्ये काम करतेस हे आधी ध्यानात घे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून कालचा थर आज बहुधा ओलाच असतो आणि सुरीनं निघतो. ही मुदत दोन-चार दिवसांची. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे रंग रेंगाळतात. निर्णय घ्यायचा तो या मुदतीत. तुझ्या फोटोंत मला दिसतं ते असं, की तू काढून टाकत नाहीस, झाकतेस. न पटलेल्या आकारावर पांढरा मिसळलेला जाड रंग, त्यावर पुन्हा तसाच. खालचा ओला रंग वरच्यात मिसळतो आणि सगळं मळकट होतं. शिवाय झाकलेलं कायम झाकलेलं राहत नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलाझ्केझनं रंगवलेला चौथ्या फिलिपचा घोडा आहे. त्याचे आधी काढलेले आणि मग बुजवलेले पाय वरच्या रंगातून आता दिसू लागले आहेत.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे हा तुझा विषय. त्यात डाव्या बाजूला कठड्यावरचा एक निळा तुकडा आहे, ओल्या साडीचा. तो फारच चांगला उतरलाय, यात वाद नाही. पण पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सगळं बदललं, तेवढा एक तुकडा जसाच्या तसा आहे. तू रोज बाकीचं चित्र त्या साडीला साजेसं करू पाहतेस आणि ते होत नाही. त्या निळ्याची जागा, त्याचा आकार पहिल्या दिवशीच्या चित्राचा होता, आणि ते चित्र आता उरलेलं नाही. 'ओव्हरवर्क' म्हणतात ते माझ्या मते इथून येतं. मातीसला फुलदाणी काढावी लागली ती वाईट होती म्हणून नव्हे. वाईट पुसायला कुणालाच त्रास होत नाही; चित्रकाराचा खरा कस चांगलं पुसताना लागतो, कारण लेखकासारखी जुनी प्रत त्याच्या खणात राहत नाही. तुला मात्र एक सोय आहे जी मातीसला फोटोग्राफर बोलावून करावी लागे. रोज काम थांबवताना त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाइलवर एक फोटो काढ आणि तारीख घाल. निळा तुकडा फोटोत राहील, कॅनव्हासवर राहायलाच हवा असं नाही.

उद्या सकाळी हात लावण्याआधी एक फोटो काढ, मग तो निळा तुकडा सुरीनं काढ आणि त्यावर वर्तमानपत्र दाबून उरलेला रंग उचल. वाळून कडक झाला असेल तर ओल्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घास, कोरडा घासू नकोस, ती धूळ फुप्फुसात जाते. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेव आणि तेलानं भिजलेल्या चिंध्या खोलीत साठवू नकोस, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. महिनाअखेर सगळे फोटो ओळीनं लावून मला पाठव, म्हणजे शेऱ्यात तथ्य किती ते दोघं मिळून बघू. सबमिशनची तारीख चुकत असेल तर सरांना आत्ताच सांग, शेवटच्या आठवड्यात सांगू नकोस.

तुझा,
मामा