काकीचा धवला, माझा अल्बम

अलिबागच्या खारेपाटात हळदीच्या रात्री मी बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवायचो. पुढे लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर शिकलो आणि पेण-पनवेलच्या रॅपर पोरांना बीट करून द्यायला लागलो. गाणं चाललं की नाव रॅपरचं. बीटवाल्याचं नाव खाली वर्णनात, तेही पोराला आठवलं तर. याचं फार वाईट वाटायचं असंही नाही. बेंजोच्या ट्रॉलीवरही बॅनर मालकाचाच असतो.

स्वतःच्या नावाचा अल्बम करायचा हे डोक्यात बसलं ते जे डिला ऐकून. डेट्रॉइटचा हा माणूस नव्वदच्या दशकापासून फारसाइड, कॉमन अशांसाठी बीट करत होता. 2001 मध्ये 'वेलकम टू डेट्रॉइट' हा त्याचा एकट्याचा पहिला अल्बम आला. त्यात एक बोसा नोव्हा आहे, क्राफ्टवर्कवरून बेतलेलं एक गाणं आहे, डोनाल्ड बर्डचं 'थिंक ट्वाइस' नव्यानं केलेलं आहे. रॅपर आहेत, पण पाहुणे म्हणून. एमपीसी नावाच्या यंत्रावर तो ठोके बोटांनी वाजवायचा आणि बऱ्याचदा यंत्राला ते सरळ करू द्यायचा नाही. त्याची ती एमपीसी आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मला त्यात काही परकं वाटलं नाही. आमचा ढोलवाला रंगात आला की ठोका असाच मागे रेंगाळतो.

रॅपर काढल्यावर मात्र माझे जुने बीट उघडे पडले. तीच चार ठोक्यांची फेरी, दोन मिनिटांत कंटाळा. शेवटी शेजारच्या काकीकडे गेलो. काकी धवलारीण. आगरी लग्नात मांडवातला एकेक विधी धवलारिणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर, पुढे सरकतो. पूर्वी भटजीही लागत नसे, असं जुनी माणसं सांगतात. दुपारी पंखा बंद करून ओटीवर मोबाइलमध्येच तिचा आवाज घेतला. बांगड्या वाजल्या, मागे कोंबडा ओरडला. ते मी ठेवलं.

घरी येऊन मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत तो आवाज बसवायला गेलो तर बसेना. काकीची ओळ तिच्या श्वासाएवढी. एक लांब, एक आखूड. सूरही हळूहळू वर चढत जातो. ताणला की आवाज पत्र्यासारखा वाजायचा. मग उलटं केलं: तिला हात लावायचा नाही, ढोल तिच्यामागून हातानं वाजवायचे, ठोके सरळ करणारी ग्रिड बंद. एका ठिकाणी तेवढे मी तिच्या ओळीचे तुकडे केले, हिपहॉपमध्ये करतात तसे. ऐकून काकी म्हणाली, "बाला, मधीच तोरलास कशाला? नवरी अजून मांडवात नाय आली." तिच्या हिशेबानं विधीच अर्धवट राहिला होता. त्या ट्रॅकच्या शेवटी मी कडवं अख्खं ठेवलं, खाली ढोलसुद्धा नाही. अल्बममधलं तेवढंच मला अजून पुन्हा ऐकावंसं वाटतं.

नावाचा प्रश्न त्यानंतर आला. 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' या गाण्यात लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' न विचारता वापरलं होतं. ज्या कंपनीनं 'अ‍ॅडिक्टिव्ह' काढलं ती डॉ. ड्रेची, म्हणजे 1992च्या 'द क्रॉनिक'नं निर्मात्याचा पहिला अल्बम केवढा मोठा होऊ शकतो हे दाखवणाऱ्या माणसाची. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायची नाही, असं अमेरिकेच्या कोर्टाला सांगावं लागलं. लाहिरींच्या मागे वकील होते. काकीच्या मागे कोण?

कायदा आपल्याकडेही आहे, हे वाचल्यावर कळलं. धवला पारंपरिक, त्यावर कोणाची मालकी नाही. पण गाणाऱ्याचा हक्क 50 वर्षं राहतो आणि 2012च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव घातलं जावं असंही गाणारा मागू शकतो. अल्बम चढवायच्या फॉर्ममध्ये गीतकाराचा रकाना रिकामा सोडता येईना, तिथं 'पारंपरिक' लिहिलं. कलाकार म्हणून माझ्या शेजारी काकीचं नाव, आणि त्या ट्रॅकचे जे पैसे येतील त्यात निम्मा वाटा. आमच्या पोरांपैकी एक म्हणाला, "मग सोलो कसला?" बरोबर आहे त्याचं. पण डिलाच्या अल्बमवरही पाहुण्यांची नावं आहेतच की.

हे सगळं लिहिलेला कागद वाचून दाखवला तेव्हा पैशांबद्दल काकी काहीच बोलली नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं. "ह्यो लग्नात लावतील काय? मंग मना कोन बोलवील?" हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात हे रेकॉर्डिंग वाजवायला द्यायचं नाही, ही ओळ आम्ही कागदात वाढवली. आता अल्बम मोबाइलवर सगळ्यांकडे आहे, कोण कुठे लावेल त्यावर माझा ताबा नाही. गेल्या सीझनला एका डीजेनं मला नुसत्या आवाजाची फाइल मागितली. धवलारीण मिळत नाही म्हणाला. फाइल दिली नाही, काकीचा नंबर दिला.