दवाखान्याबाहेरचा बाक

दीड-दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आई तपासणीच्या खोलीत शिरते, तेव्हा तिचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. "मॅडम, हा काहीच खात नाही हो." तेवढ्यात कडेवरच्या चिरंजीवांनी माझा टॉर्च पळवलेला असतो, स्टेथोस्कोपची नळी चावून पाहिलेली असते आणि वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या उडी मारून दाराकडे धूम ठोकलेली असते. मी वाढीचा तक्ता काढते आणि आईसमोर ठेवते.

हिशोब सरळ आहे. जन्मताना तीन किलोंच्या आसपास असलेलं बाळ पाच-सहा महिन्यांत दुप्पट होतं आणि पहिल्या वाढदिवसाला तिप्पट, म्हणजे नऊ किलोंच्या घरात जातं. जन्मानंतर पुन्हा कधीच माणूस इतक्या वेगानं वाढत नाही. दुसऱ्या वर्षात वजन वाढतं ते दोन-अडीच किलो. पहिल्या वर्षी सहा आणि दुसऱ्या वर्षी दोन-अडीच. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यातच मूल चालायला लागलेलं असतं, कपाटं उघडायची असतात, मांजरामागे धावायचं असतं. एका जागी बसून जेवायला त्याला सवड नसते. आईच्या डोळ्यांपुढून मात्र दहाव्या महिन्यातली चाटूनपुसून संपवलेली वाटी हलत नाही.

मग सुरू होतो तो घरोघरचा घास-सोहळा. मऊ वरणभात, वर तूप, चवीला मीठ. एक घास काऊचा, एक चिऊचा. काऊ-चिऊ संपले की गॅलरी, गॅलरीतून जिना, जिन्यावरून खाली लावलेली स्कूटर. स्कूटरवर बसवलं की दोन घास जातात, तिसरा फुर्रकन आईच्या ओढणीवर येतो. सगळं आटोपून आई वर येते आणि ओट्यापाशी उभ्यानंच, वाटीत उरलेला तोच गार भात खाते. साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्याबाहेर जो लांबलचक लाकडी बाक आहे, त्यावर ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली जाते. सांगणारी दमलेली असते, ऐकणाऱ्या हसत असतात, आणि शेवटी सांगणारीही हसू लागते. "आमच्याकडं स्कूटर नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजत जेवतो." "आमची फक्त आजोबांच्या ताटातलं खाते. तेच वरण, तोच भात. पण ताट आजोबांचं पाहिजे."

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या वयाच्या मुलांचं जितकं औषध मला माहीत आहे, तितकंच मोलाचं औषध त्या बाकावर वाटलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

खाण्याच्या बाबतीत एक जुना प्रयोग मी आयांना आवर्जून सांगते. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२८ साली त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९३९ मध्ये एकूण १५ मुलांची हकिगत मांडली. नुकत्याच आईच्या दुधावरून उठलेल्या मुलांसमोर साधे, ताजे पदार्थ ठेवायचे. परिचारिकेनं चमचा हातात धरून गप्प बसायचं. मुलानं बोट दाखवलं तरच घास द्यायचा. मुलांची जेवणं पाहून कुठल्याही आईला घेरी आली असती, इतकी ती चमत्कारिक होती. एखाद्या वेळी नुसती अंडी, एखाद्या वेळी नुसती केळी. पण मुलं उत्तम वाढली. त्यातल्या एका मुलाला मुडदूस होता. त्याच्या ताटात माशाच्या यकृताचं तेल ठेवलं, तर हाडं बरी होईपर्यंत तो ते आपणहून घेत राहिला. यातली मेख अशी की, ताटात काय यायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, आणि त्यात साखर, बिस्किटं, वेफर्स नव्हते. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते आईनं ठरवावं. किती खायचं ते मुलाच्या पोटावर सोडावं.

म्हणून भूक वाढवायचं टॉनिक मी लिहून देत नाही. तक्त्यावरची रेघ सरळ वर चाललेली असेल, तर ते औषध मुलाला नको असतं. विचारायचा असतो तो वेगळाच प्रश्न: दूध किती पितो? "खात नाही म्हणून दूध देते" असं सांगणाऱ्या आयांची मुलं दिवसाला लिटरभर दूध पितात. अर्धा लिटर पुष्कळ झालं. त्यापुढचं दूध पोट भरून टाकतं, शी घट्ट करतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्क्यांत रक्त कमी आढळलं. गुटगुटीत, गोरीगोमटी दिसणारी मुलंही यात असतात. मोबाइल दाखवून भरवण्याबद्दल मी कुठल्या आईला रागावत नाही. घरात दुसरं माणूस नसताना तिनं काय करावं, हे बाहेरून सांगणं सोपं आहे. पण दोन वर्षांच्या आत पडदा नको, या मतापासून मी हलत नाही. पडद्यापुढे मूल तोंड उघडतं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही.

आता हट्टाकडे येते. निळा कप दिला तर लाल हवा. लाल दिला तर निळ्यासाठी जमिनीवर लोळण. केळं सोललं म्हणून रडणं, आणि तेच केळं पुन्हा सालीत घालून द्या म्हणून अधिक मोठ्यानं रडणं. ही केळ्याची तक्रार मी इतक्या आयांकडून ऐकली आहे की, माझी खात्रीच पटली आहे: ते साताऱ्याचं पाणी नव्हे, ते वय आहे. घरी करून बघावी अशी एक गंमत सांगते. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला कुंकवाचा ठिपका लावा आणि त्याला आरशापुढे उभं करा. वर्षाचं मूल आरशातल्या बाळाला हात लावायला जाईल. दीड ते दोन वर्षांचं मूल स्वतःच्या नाकाला हात लावील. १९७२ साली बियूला अ‍ॅमस्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच ठिपक्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. आरशातला तो मीच, हे ज्या सुमारास उमगतं, त्याच सुमारास तोंडात 'माझं' आणि 'नाही' येतं. आपल्याला आईपेक्षा वेगळं मन आहे, हा त्या मुलाला नुकताच लागलेला शोध असतो, आणि तो दिवसभर वापरून बघण्याचा त्याला हक्क आहे. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. तोवर आवर घालायचं काम आईकडे असतं. ते दमवणारं आहे, आणि त्यासाठी तिला कुणी शाबासकी देत नाही.

शी-शूच्या सवयीबद्दल विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की, शेजारच्या मुलीशी तुलना बंद करा. दोन ते तीन या वयात बहुतेकांचं आपोआप जमतं.

नाकात वस्तू घालणं हे प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. मणी, वाटाणा, खोडरबराचा तुकडा, देवघरातली अक्षत, नाकात काय सापडेल याचा नेम नाही. एकाच नाकपुडीतून घाण वास आणि पिवळं पाणी येत असेल, तर ती सर्दी नसते, आत काहीतरी असतं. यावरचा एक उपाय १९६५ साली न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरांनी नोंदवला, आणि वैद्यकशास्त्रात त्याला चक्क 'मदर्स किस' म्हणतात. आईनं मुलाला जवळ घ्यायचं, मोकळी नाकपुडी बोटानं दाबायची, तोंडावर तोंड घट्ट लावायचं आणि एक जोरदार फुंकर मारायची. अडकलेली वस्तू हवेच्या दाबानं बाहेर येते. २०१२ मध्ये यावरच्या सगळ्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दहापैकी सहा मुलांत उपाय लागू पडलेला दिसला. हे डॉक्टरांसमोर करावं, घरी नाही. माझ्यासमोर एका आईनं फुंकर मारली, तेव्हा तिच्याच ओढणीवरचा मोत्याचा मणी सटकन तिच्या गालावर आपटला आणि घरंगळत टेबलाखाली गेला. आल्यापासून भोकाड पसरलेला मुलगा खुदकन हसला आणि म्हणाला, "पुना!" बाहेर बाकावर तो 'पुना' क्षणात पोचला.

हसण्यावारी न्यायच्या नाहीत अशा दोन गोष्टी ऐन दिवाळीतल्या आहेत. चिवड्यातले शेंगदाणे, डाळं आणि खोबऱ्याचे काप लहान मुलांच्या हाती देऊ नका. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, मूल खाता खाता पळतं, हसतं, आणि दाणा श्वासनळीत जातो. पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नकोच. कूट करून द्या. दुसरी गोष्ट, बाजारात आलेल्या बॅटरीवरच्या पणत्या. त्यात बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. नाकात गेला तरी फुंकरीच्या उपायात वेळ घालवू नका, तडक मोठं रुग्णालय गाठा.

बाकाची खरी ताकद मला कळली ती एका निळ्या पडलेल्या मुलीमुळे. सव्वा वर्षाची पोर. हातातला चमचा काढून घेतला, तिनं मोठा हंबरडा फोडला, आणि आवाजच थांबला. तोंड उघडं, श्वास बंद, ओठ निळे, मान टाकली. आजीनं कांदा फोडून नाकाशी धरला, शेजाऱ्यांनी रिक्षा बोलावली, रिक्षात बसेपर्यंत पोर टक्क डोळे उघडून बाहेरची म्हैस बघत होती. दवाखान्यात आली तेव्हा मुलगी छान होती, आई थरथरत होती. मी तपासलं, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. लोह कमी होतं. रडता रडता श्वास अडकण्याचा हा प्रकार मूल मुद्दाम करत नाही, बहुधा मिनिटाच्या आत श्वास परत येतो, तेवढ्यात कुशीवर झोपवावं, तोंडात काही घालू नये, हलवू नये, मेंदूला इजा होत नाही, लोह दिल्यावर अनेकदा कमी होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत जातो. असं सगळं मी तिला नीट समजावलं. तिनं मान डोलावली. डोळ्यांतली भीती तशीच.

औषधाची चिठ्ठी घेऊन ती बाहेर बाकावर टेकली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं ओ ताई?" हिनं सांगितलं. त्या बाईंनी समोर भिंतीवर चढू पाहणाऱ्या मुलाकडे हात केला. "ह्यो बी असाच निळा पडायचा. तीनदा माझ्या मांडीवर मान टाकली यानं. आता पहिलीत हाय. बघा की, कसा माकडावानी चढतोय." दाराच्या फटीतून मला त्या आईचा चेहरा दिसला. माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते झालं होतं. मी तिला माहिती दिली होती; त्या बाईंनी तिला पुढची पाच वर्षं डोळ्यांनी दाखवली.

या बाकावर सगळ्याच हसत नाहीत. एखादी बाजूला बसते, विचारलं तर "ठीक आहे" म्हणते, मुलाकडे बघते पण नजर पोचत नाही. झोप नाही, जेवणावर वासना नाही, आणि हे बाळंतपणानंतर वर्ष उलटलं तरी चालूच. बाकीच्या जणी सासूवर, नवऱ्यावर, भातावर बोलून मोकळ्या होतात, हिला तेही सुचत नाही. अशा आईला मी मुलाआधी आत घेते. तिची तब्येत हा माझ्याच खात्यातला विषय आहे, आणि मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देताना मी तिच्या नवऱ्याला समोर बसवते.

लसीकरणासाठी प्रत्येकीला वेगळी वेळ द्यावी, गर्दी टळेल, असं मला पुष्कळांनी सुचवलं. आजारी मुलांसाठी ते मी पाळते. पण शनिवारी सकाळी, जेव्हा फक्त धडधाकट मुलं लसीला येतात, तेव्हा दीड वर्षाच्या बूस्टरवाल्या सगळ्या जणींना मी मुद्दाम एकाच तासात बोलावते. आमच्या भागातल्या अंगणवाड्यांतही वजनाच्या दिवशी आया अशाच जमतात. वजन लिहून झाल्यावर त्यांना लगेच उठवू नये, अर्धा तास बसू द्यावं, असं मी सेविकाताईंना सांगत असते. त्या अर्ध्या तासात कुणाला पडदा सोडवायची युक्ती मिळते, कुणाला जुनी चालणारी सायकल मिळते, आणि कुणाला नुसतं "आमच्याकडं पण हेच" एवढं ऐकायला मिळतं.

मागच्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी पहिलटकरीण आईनं अगदी कळवळून विचारलं, "हे खाण्याचं नाटक चालतं तरी किती दिवस?" एकजण म्हणाली, दोन वर्षं झाली की संपतं. दुसरी म्हणाली, छे, तीन. तिसरी धाकटीला लसीला घेऊन आली होती. ती म्हणाली, "माझा थोरला नववीला आहे. काल डब्यातली भाजी तशीच परत आणली." पुढच्या मुलाला सुई टोचेपर्यंत बाहेरचा हशा थांबला नव्हता, आणि त्या हशाकडे कान लावलेल्या मुलाला सुई कळलीसुद्धा नाही.