हस्ताच्या आधी

श्रावणात मंगळवेढ्याच्या शिवारात पहिल्यांदा येणारा माणूस बुचकळ्यात पडतो. तोवर राज्यभर पिकं गुडघ्याला लागलेली असतात, पहिली खुरपणी उरकलेली असते, बांधावरून हिरवं दिसत असतं. इथं मात्र नजर पोचेल तिथवर काळी रानं मोकळी. पाहुण्याला वाटतं, यंदा यांची पेरणी हुकली. पेरणी हुकलेली नसते, ती अजून व्हायचीच असते. हा रब्बीचा मुलूख. इथला शेतकरी अवघा पावसाळा रान उघडं ठेवतो, उगवलेलं तण काढायला कुळवाच्या पाळ्या देतो आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर नजर ठेवून असतो.

देवाची वेळ म्हणजे काय, हे मला कुठल्या प्रवचनापेक्षा या रानानं जास्त शिकवलं. मंगळवेढ्याची माती काळी आणि खोल. उन्हाळ्यात ती उलते, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस वरवर वाहत नाही, तो या भेगांतून थेट पोटात उतरतो. जाताना वरची भुसभुशीत माती आत घेऊन जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि नंतरचा प्रत्येक पाऊस ती सावकाश पीत राहते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यातला मोठा वाटा परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात. तो पडून गेला की ज्वारी पेरतात आणि पेरल्यानंतर आभाळाकडून फारसं काही येत नाही. थोडं दव, बाकी थंडी. चार महिने ते ताट जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतं, पोटरीत येतं, निसवतं, कणसात दाणा भरतं.

म्हणजे पौषात ज्या पाण्यावर दाणा भरायचा, ते पाणी बी मातीत पडण्याआधीच पडून गेलेलं असतं. मागणाऱ्याचा जन्मही झालेला नसतो तेव्हा त्याची तजवीज झालेली असते. देवाबद्दल मला जे काही ठामपणे म्हणता येतं ते एवढंच आणि ते मी या रानात उभं राहून म्हणतो.

आपण प्रार्थना करतो तेव्हा मागण्याबरोबर तारीखही देतो. पोराला या जूनपर्यंत नोकरी लागू दे. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या मुहूर्तावर होऊ दे. कोर्टातला निकाल दिवाळीच्या आत लागू दे. तारीख उलटली की आपल्याला वाटतं, देवानं ऐकलं नाही. ऐकणं आणि तारीख पाळणं या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. श्रावणातल्या उघड्या रानाकडे पाहून पेरणी हुकली म्हणणारा पाहुणा वाईट नसतो. त्याला फक्त या मातीचं वेळापत्रक ठाऊक नसतं.

माझे एक चुलते होते, सारं घर त्यांना तात्या म्हणायचं. हस्ताचा पाऊस उघडला की ते रोज सकाळी रानात जायचे. ताल ओलांडून दहा पावलं आत, मग खाली बसायचे. वरची माती बोटांनी बाजूला सारून आतली मूठभर उचलायचे, मुठीत दाबायचे, गोळा करायचे. तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचा. नुसता बदकन बसला आणि तसाच राहिला, तर तात्या उठून घरी. पडल्यावर फुटून मोकळा झाला, तर वापसा आला. मग तळहाताकडे पाहायचे. हाताला चिखल राहिला नाही, नुसती ओल लागली, तर त्याच दिवशी बी काढायला सांगायचे. शेजारचे आप्पा बांधावरून विचारायचे, "तात्या, आज धरायची का पाभर?" तात्या पाय झटकत म्हणायचे, "न्हाई आप्पा, अजून वल हाय. फणाला चिखल धरंल. दोन दिस जाऊ द्या." आप्पांचं बियाणं तयार असायचं, बैल ताजे असायचे, गडी मोकळे असायचे. तयार नसायचं ते फक्त रान.

ते दोन दिवस तात्या रिकामे बसलेले मला आठवत नाहीत. पाभरीच्या फणांना धार लावून आणायची, चाडं पुसून ठेवायचं, दोर तपासायचे, मालदांडीचं बी उन्हात पसरून निवडायचं. त्यांचं थांबणं कामानं भरलेलं असायचं. देवावर भरवसा ठेवतो म्हणणारा माणूस खरा की आळशी, हे त्याच्या या दोन दिवसांवरून कळतं.

लवकर पेरून चालत नाही, याला कारण आहे. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी पेरलं तर खोडमाशी कोवळ्या कोंबात शिरते आणि पोंगा वाळून जातो. त्यानंतर पेरलं तर वरची ओल उडालेली असते, उगवण विरळ होते. महिनाभराची ती खिडकी, आणि त्यातही वापसा येईल ते चार-सहा दिवस. मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवड पद्धतीनं काढलेला मालदांडी ३५-१ हा वाण या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण तो इथल्या थांबण्याला जुळणारा आहे. पेरल्यावर शेतकऱ्याचं काम कोळपणीचं. पीक वाढू लागलं की माती वरून सुकते, पुन्हा बारीक भेगा पडू लागतात. त्या भेगांतून आतली ओल उडून जाऊ नये म्हणून दोन-तीन वेळा कोळपं फिरवून त्या बुजवायच्या. पाऊस पाडणं माणसाच्या हातात नाही, पडलेला पाऊस राखणं मात्र आहे. आपल्या वाट्याला आलेली कृपासुद्धा अशी राखावी लागते. उतावळेपणानं, चरफडीनं, दुसऱ्याच्या रानाकडे बघत बसल्यानं ती उडून जाते.

मंगळवेढ्यापासून पंढरपूर जवळच, सकाळी निघालेला माणूस दर्शन घेऊन दुपारी जेवायला घरी येतो. तिथं जो देव उभा आहे त्याची कथा महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक असते. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. देव दारात आला. पुंडलिकानं वीट सरकवली आणि हातातलं काम होईपर्यंत थांबायला सांगितलं. देव थांबला. कमरेवर हात ठेवून अजून थांबलेला आहे. जगात देवाची वाट पाहणारे भक्त ठायी ठायी सापडतील, पण वाट पाहणारा देव इथं चंद्रभागेच्या काठी आहे. ज्या देवाला आपण उशीर करतो म्हणून बोल लावतो, तो स्वतः विटेवर उभा राहून थांबण्याचं व्रत पाळतो आहे. पंढरीला गेल्यावर त्याच्या चरणांवर डोकं ठेवायला क्षणभरच मिळतं. मागून रेटा असतो, बडदास्त नसते, मागणं आठवतसुद्धा नाही. तरी बाहेर येताना मन निवलेलं असतं. जो इतका थांबू शकतो त्याच्यावर आपलं थोडं थांबणं सोपवायला हरकत नाही, असं काहीसं आत उमटतं.

पंढरीच्या चार वाऱ्याही इथल्या रानाशी जुळलेल्या आहेत. आषाढीला वारकऱ्यांनी वाटा भरतात तेव्हा आमचं रान मोकळं असतं, मातीचं पाणी पिणं नुकतं सुरू झालेलं असतं. कार्तिकीला पेरणी होऊन गेलेली असते, ज्वारी वाऱ्यावर हलायला लागलेली असते. माघीला कणसं भरून वाकलेली, हुरड्याचे दिवस सरून काढणीची गडबड. चैत्रीला मळणी उरकून धान्य घरात आलेलं असतं. माणूस चारही वेळा त्याच पायरीशी जातो. रिकाम्या हातानं जातो, पेरून जातो, पिकवून जातो, भरल्या घरातून जातो. आषाढीला हात रिकामे म्हणून वारी चुकवायची नसते आणि चैत्रीला घर भरलं म्हणूनही चुकवायची नसते. मागणं पुरं होण्याशी जायचा संबंध नाही, ही शिस्त वारीनं आम्हा लोकांच्या हाडात भिनवली.

पण पाऊस चुकतो, हेही मला इथंच म्हटलं पाहिजे. हस्त कोरडा जातो, रान तसंच उघडं राहतं, गुरं दावणीला खंगतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आजही ताटात दाणा टाकत नाहीत. आयाबाया डोक्याला फडकं बांधून कामावर खडी फोडत होत्या, लेकरं सुकडीवर जगत होती. त्यांच्यापुढे उभं राहून, ही देवाची योजना आहे, थोडा धीर धरा, असं म्हणणं मला जमणार नाही. कुणालाही जमू नये.

याचं उत्तर मंगळवेढ्यानंच देऊन ठेवलं आहे. १५व्या शतकात बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेले दामाजीपंत इथं अंमलदार होते, असं मानलं जातं. दुष्काळ पडला. सरकारी कोठारात धान्य भरलेलं होतं आणि दाराशी माणसं मरत होती. दामाजी विठ्ठलाचे भक्त. त्यांनी लोकांना विठ्ठलाच्या इच्छेची महती सांगितली नाही. कोठार उघडलं. शिक्षा काय होईल हे ठाऊक असून उघडलं. पुढची कथा महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'मुळे घरोघर गेली. दामाजींना पकडून बिदरला नेत असता, ते दरबारात पोचण्याआधीच विठू महाराच्या रूपात विठ्ठल तिथं गेला, धान्याची सगळी रक्कम भरली आणि पावती घेऊन आला. इतिहासाच्या कसोटीवर या कथेतलं काय उतरेल याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. माझं लक्ष तिच्यातल्या क्रमाकडे जातं. दामाजींनी कोठार उघडलं तेव्हा विठू महार निघालेला नव्हता. वरून कसलीही खात्री आलेली नव्हती. आधी कुलूप निघालं, मग देव चालू लागला आणि तरीही दामाजींच्या आधी पोचला.

देवाच्या वेळेवरचा विश्वास स्वतःच्या तहानेपुरता ठेवावा. शेजाऱ्याच्या तहानेला तो सांगू नये, तिथं आपला हंडा न्यावा. १९७२ च्या त्या कामांमागचा विचार पुढं नेत महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पाग्यांनी मांडलेली ती योजना होती. मागेल त्याला काम आणि कामाचा मोबदला. मला त्यात दामाजींचं कोठार दिसतं. या वेळी ते सगळ्या राज्यानं मिळून उघडलं होतं.

आणि आपलं मागणं कधीच पुरं झालं नाही तर? माझी आई माळकरी होती. ती आजारी पडली तेव्हा मी जे मागितलं ते मला मिळालं नाही. का मिळालं नाही हे आजही कळलेलं नाही आणि त्याला सोयीचा अर्थ चिकटवणं मला आईचा अपमान वाटतो. त्या दिवसांत तिनं स्वतः काय केलं ते मात्र मी पाहिलं. संध्याकाळी डोळे उघडले की विचारायची, तुळशीला पाणी घातलंस का? दूधवाल्याचे पैसे दिलेस का? एकादशीला हरिपाठाची पोथी उशाशी ठेवायला लावायची, वाचवत नसलं तरी तिच्यावर हात ठेवून पडायची. पुढं काय होणार हे तिनं एकदाही विचारलं नाही. तिच्या वाट्याचं तेवढं ती करत राहिली. तिच्याइतका भरवसा माझ्यात नाही, पण तो कसा दिसतो हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून तो असतो असं मी सांगू शकतो.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांचं रान आज उघडं असेल. शेजारी हिरवंगार असेल आणि लोक विचारत असतील, तुमचं कधी? त्यांना उत्तर देत बसू नका. कुळवाच्या पाळ्या चालू ठेवा, बी निवडून ठेवा, रोज सकाळी रानात जाऊन माती मुठीत घेऊन पाहा. दाराशी कुणी उपाशी आलं तर पाऊस पडेपर्यंत त्याला थांबवू नका, कोठारात असेल त्यातलं आज द्या. एवढं करून झाल्यावर जे उरतं ते आपलं नाही. ते विटेवर उभ्या असलेल्याचं आहे, ते त्याला करू द्या.