भिंतीवरचा शिकारी

सिडनी,
चैत्र शुद्ध पंचमी

तीर्थरूप बाबांस,


  परवा रात्री दिवाणखान्यातला दिवा लावताच दाराच्या चौकटीवर तळहाताएवढा एक कोळी पसरलेला दृष्टीस पडला, आणि परमुलखात, त्यातून घरात एकटे असताना, भय किती चटकन दुणावते याचा प्रत्यय मला आला. पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंस वळलेले, अंग भिंतीला चिकटलेल्या पानासारखे चपटे. चप्पल हाती होती, पण ती उगारण्याचे धैर्य नव्हते.

हाक मारताच शेजारच्या वृद्ध बाई आल्या. त्यांनी काचेचा पेला त्यावर अलगद पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि त्याला अंगणातल्या झाडाच्या सालीवर सोडून दिले. ह्याला येथे 'हंट्समन' म्हणजे शिकारी म्हणतात. तो सावजासाठी जाळे विणीत नाही, रात्री हिंडून झुरळे धरतो. डिवचल्यास चावतो, दंश दुखतो, परंतु जिवास अपाय नाही. ज्याचे खरे भय धरावे तो फनेल-वेब कोळी निराळा, काळाभोर आणि बिळात राहणारा; त्याच्यावरही १९८१ साली प्रतिविष उपलब्ध झाल्यापासून त्याच्या दंशाने कोणी दगावल्याची नोंद नाही.

त्या रात्री मला आपली धाराशिवची कचेरी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. दफ्तरखान्यात कारकुनाने फेरफारांच्या कागदांचा एक जुना रुमाल फडताळातून ओढताच त्यामागून असाच चपटा कोळी सरकला, आणि त्याने पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती कवटाळलेली होती. कारकुनाने पट्टी उगारली, तोच आपण त्याचा हात धरलात आणि म्हणालात, "ती अंड्यांची पिशवी आहे. आई आहे ती. आणि दफ्तर कुरतडणारी झुरळे तीच खाते." तो कोळी आणि सिडनीचा हा एकाच कुळातले. आपल्याकडच्या त्या कोळ्याला लिनिअसने १७६७ साली दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थही शिकार करणारा असाच आहे. ज्याला परका समजून मी थरथरले, त्याच्या भाऊबंदांना आपण माझ्यादेखत अभय दिले होते.

बाबा, भिणे हा दोष नव्हे. चौकशीपूर्वी शिक्षा फर्मावणे हा दोष होय. आपल्या मुलखातील तांबडा विंचू खरोखर घातक, म्हणून त्याच्याविषयी सावधगिरी हवीच; मात्र त्याच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून कित्येकांचे प्राण वाचले आहेत. तेव्हा घरातल्या मुलांना माझा निरोप सांगावा: पायताण झटकूनच घालावे, विंचू चावल्यास मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा, आणि भिंतीवरच्या कोळ्यावर चप्पल उगारू नये.

आपली आज्ञाधारक कन्या