किल्ली नसलेली पेटी

लातूरहून मी जुनी बुलेट घेऊन नांदेडला आलो. बाजूच्या पेटीला कुलूप; किल्ली हरवलेली. छिन्नी उचलली, तोच आई म्हणाली, "बाबा, गाडी तू घेतलीस, आतलं सामान नाही."

गाडी घेऊन परत लातूर गाठले. किल्लीवाल्याने कोरी किल्ली कुलपात फिरवली, उठलेल्या खुणांवर कानस मारली. चार-पाचदा असे केल्यावर पेटी उघडली. आत तेलकट चिंध्या आणि विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांनी सोसायटीचे कर्ज फेडल्याची पावती! ती पाहून तो गडी रडू लागला. मी छिन्नी मारली असती, तर चिंध्यांबरोबर तीही उकिरड्यावर गेली असती.

म्हणून सांगतो, जुनी गाडी नावावर करताना २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्याच. पण पेटीही मालकासमोरच उघडून घ्या.