माथेरानचीं वल्कलें

गेल्या माघ महिन्यांत माथेरानास जाण्याचा योग आला. माथेरानचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तेथील सूर्यास्त, घोडीं, चिक्की आणि वानरें यांचें पुराण मी पुन्हां सांगत बसणार नाहीं. आम्ही आजोबा-नात तेथें गेलों तें केवळ झाडांच्या साली पाहण्यासाठीं, आणि ही हकीकत तेवढ्यापुरतीच आहे.

त्याचें असें झालें. माझी नात पुण्यास संगणकावर चित्रें काढण्याची विद्या शिकते. अखेरच्या परीक्षेसाठीं तिनें कण्वाश्रमाचें चित्र योजिलें होतें. मृग, कलश, पर्णकुटी सारें सुरेख साधलें. पण झाडांपाशीं घोडें अडलें. परीक्षकांनीं कच्चें चित्र परत केलें आणि शेरा मारला, "हे वृक्ष नव्हेत, रंगविलेले नळ आहेत." पोरीचें दोन दिवस जेवणांत लक्ष नव्हतें. तिसऱ्या दिवशीं माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतकीं वर्षें शाकुंतल शिकवलेंत. शकुंतलेचें वल्कल कोणत्या झाडाचें होतें हो?"

या प्रश्नानें मी चपापलों. हाच प्रश्न सुमारें तीस वर्षांपूर्वीं मला वर्गांतल्या एका मुलानें विचारला होता. पहिल्या अंकांत प्रियंवदेनें वल्कल फार घट्ट बांधलें म्हणून शकुंतला तक्रार करते, तो भाग चालला होता. "परीक्षेंत हें विचारीत नाहींत, खालीं बैस," असें म्हणून मीं त्याला गप्प केलें. मुलें हंसलीं. त्यानें मग वर्षभर कांहीं विचारलें नाहीं. खरी गोष्ट अशी कीं, उत्तर मलाच ठाऊक नव्हतें. 'त्वच्' शब्द सर्व विभक्तींत मला चालवितां येत होता. झाडाच्या सालीवरून मात्र मीं कधीं हात फिरविला नव्हता. तेंच उत्तर आतां नातीलाही द्यावें हें मनाला पटेना. "मला ठाऊक नाहीं, चल, दोघें मिळून पाहूं," असें मी म्हणालों. माथेरानास रान दाराशीं आहे आणि पायीं फिरल्याखेरीज गत्यंतर नाहीं, म्हणून तेंच ठिकाण ठरविलें.

निघण्यापूर्वीं तिनें आपली कृति मला दाखविली. 'गिंप' नांवाचें चित्रें घडविण्याचें एक साधन संगणकावर विनामूल्य मिळतें. १९९५ सालीं अमेरिकेंत बर्कली येथें शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनीं तें रचावयास घेतलें. त्यांत एक आज्ञा दिली कीं, पडद्यावर करड्या ढगांसारखें रूप उमटतें. यास 'नॉईज' म्हणतात. या युक्तीचें मूळ केन पर्लिन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाकडे जातें. १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटावर काम केल्यानंतर संगणकी चित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा त्यांस खटकूं लागला, आणि त्यांनीं गणितानेंच अनियमितपणा उत्पन्न करण्याची रीत शोधून काढली. तीसाठीं १९९७ सालीं तेथील चित्रपट अकादमीचें तांत्रिक पारितोषिक त्यांना मिळालें. माझी नात हे ढग उभे ताणी, म्हणजे त्यांच्या रेघा होत; काळें अधिक काळें व पांढरें अधिक पांढरें करी; 'बंप मॅप' या सोयीनें एका बाजूनें उजेड पाडून रेघांना उठाव देई; शेवटीं वर तपकिरी रंगाचा पारदर्शक थर चढवी. असा तुकडा तयार झाला कीं, विटेला वीट जोडावी तसा तो बुंध्यावर जोडीत जाई. मला तें सुंदरच वाटलें. दोष कोठें आहे हें तिला कळेना आणि मलाही कळेना.

नेरळहून आम्ही छोट्या गाडीनें वर चढलों. १९०४ ते १९०७ या काळांत पीरभॉय घराण्यानें बांधविलेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग एकवीस किलोमीटरांचा आहे, आणि तो चढावयास गाडीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. ही मंदगति आमच्या पथ्यावर पडली. खालच्या उतारावर रान विरळ, रखरखीत, खोडें खडबडीत. जसजसें वर यावें तसतशी सांवली दाट होते आणि खोडें शांत दिसूं लागतात. एकाच डोंगराच्या अंगावर झाडांचा पोशाख असा बदलतो, हें मीं पूर्वी याच गाडींत बसून दोनदां पाहिलें असलें पाहिजे. पण लक्षांत आलें नव्हतें.

वर पोहोंचल्यावर शार्लोट तलावाजवळील पिसारनाथाच्या देवळाकडे गेलों. तांबड्या मातीच्या वाटेच्या दोहों बाजूंस जांभूळ, अंजनी, हिरडा यांची गर्दी आहे. नात एका जुन्या जांभळीपुढें उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तपकिरी रंग कोठें आहे?" खरोखरच कोठें नव्हता! खोड राखी होतें. त्यावर दगडफुलाचे पांढुरके, हिरवट चट्टे होते. जिकडून पावसाचा मारा येतो त्या अंगास वाळलेलें शेवाळ चिकटलें होतें, दुसऱ्या अंगास तें जवळजवळ नव्हतें. झाडाचें खोड तपकिरी असतें हें मीं मुलांना फळ्यावर शिकविलें, तिच्या शिक्षकांनीं तिला शिकविलें. झाडाला कोणीच विचारलें नव्हतें.

मग दुसरी गोष्ट दिसली. फांदी जेथें फुटते तेथें सालीला, बाहीच्या काखेंत कापडाला पडाव्या तशा, चुण्या पडतात, आणि उभ्या भेगा तेथें वळसा घेऊन जातात. नातीच्या चित्रांतील रेघा फांदी आली तरी सरळ तशाच वर जात होत्या. तिसरी गोष्ट, मुळाशीं भेगा रुंद आणि खोल, पुरुषभर उंचीवर त्या लहान, आणि कोंवळ्या फांदीवर मुळींच नाहींत. याचें कारण मीं तिला सांगितलें, कारण एवढें विज्ञान मला येत होतें. खोड आंतून वर्षानुवर्षें जाड होत जातें. बाहेरची साल मेलेली. तिला वाढतां येत नाहीं, म्हणून ती उकलते. वाढत्या मुलाचा सदरा शिवणींत उसवतो तशांतलाच हा प्रकार. मुळाशीं खोड सर्वांत जुनें, म्हणून तेथें उसवण अधिक. नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या झाडाला वयच नाहीं." परीक्षकांच्या शेऱ्याचा याहून चांगला अर्थ मला सांगतां आला नसता.

तिनें एकाच झाडाचीं चार उंचींवर छायाचित्रें घेतलीं, तींही ढग आले असतांना किंवा सांवलींत. कारण उन्हाची सांवली छायाचित्रांत एकदां उतरली कीं, चित्रांतल्या सूर्याशीं तिचें जमत नाहीं. प्रत्येक वेळीं मापासाठीं माझी फूटपट्टी खोडाला लावली. माझ्याकडूनही एक भर पडली. लहानपणीं नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासून आम्ही सिंह उमटवीत असूं. तसा कागद मीं सालीवर धरला आणि पेन्सिल आडवी घासली. उंचवटे काळे उमटले, भेगा कोऱ्या राहिल्या. तो कागद पाहून नात आनंदानें ओरडलीच. "आजोबा, हा उलटा केला कीं झाला बंप मॅप!" संगणकास उंच भाग पांढरा आणि खोल भाग काळा लागतो, इतकाच फरक. दोन दिवसांत आम्ही असे अकरा कागद केले.

परततांना दस्तुरीपासून जुम्मापट्टीपर्यंत पायीं उतरलों. येथें ऐन भेटला. त्याची काळसर साल उभ्या खोल भेगांनीं आणि आडव्या चिरांनीं तुकड्यातुकड्यांत विभागलेली, हुबेहूब सुसरीची पाठ. उन्हाळ्यांत वणवा जाणाऱ्या उतारावर हें जाड चिलखत आंतल्या जिवंत भागाला राखतें. मी तें चिलखत न्याहाळीत असतांना मोळी घेऊन उतरणाऱ्या एक ठाकर बाई थांबल्या. आम्ही काय करतों हें त्यांना समजेना. मीं सांगितलें कीं, पूर्वीं ऋषि सालीचे कपडे करीत, तें कसें जमे तें पाहतों आहोंत. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, वरची साल नाय, आतली बगा." वाटेंत मोडून पडलेली कुंभ्याची फांदी त्यांनीं उचलली, कोयत्यानें चीर दिली आणि आंतली साल सरकन् सोलून माझ्या हातांत दिली. ती ओलसर, मऊ आणि पिळदार तंतूंची होती. याच सालीच्या तंतूंची जामगी करून पूर्वीं तोड्याच्या बंदुकीला बत्ती देत. नातीनें तिथल्या तिथें हातांतल्या फोनवर शोधून सांगितलें कीं, आफ्रिकेंत युगांडा देशांत वड-उंबराच्या जातीच्या एका झाडाची आंतली साल कुटून आजही वस्त्र करतात, आणि त्या कलेचा २००५ सालीं युनेस्कोनें गौरव केला.

मीं तो तंतु मुठींत धरून उभा राहिलों. कोणत्या झाडाची साल, असें त्या मुलानें विचारलें होतें. पण साल एक नसून दोन असतात, हें आधीं कळावयास हवें होतें. बाहेरची मेलेली, ती चित्रकाराची. आंतली जिवंत, ती वल्कलाची. तीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्यास हें एका मोळीवाल्या बाईनें कोयत्याच्या एका चिरेंत शिकविलें.

घरीं आल्यावर नातीनें जुनें काम पुसून टाकलें. आतां ती प्रथम झाडाचें वय ठरविते. मग मोठ्या भेगा हातानें काढते, फांदीभोंवतीं वळवून. त्यावर उंचीउंचीचीं छायाचित्रें आणि माझ्या पेन्सिलीचे कागद बसविते. पावसाच्या अंगास शेवाळाचा थर देते. पर्लिनसाहेबांचा नॉईज अगदीं शेवटीं, मिठाएवढा. चित्र परीक्षेंत उतरलें. गुण मध्यमच मिळाले, पण या वेळीं नळांचा उल्लेख नव्हता.

माझें काम मात्र राहिलें होतें. तो विद्यार्थी आतां पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे. त्याच्या भावाकडून पत्ता मिळविला आणि कुंभ्याच्या सालीचा तुकडा पाकिटांत घालून त्याला पत्र लिहिलें. "तुझा प्रश्न परीक्षेंतला नव्हता, पण योग्य होता. मला उत्तर येत नव्हतें, म्हणून तुला खालीं बसविलें," एवढेंच त्यांत लिहिलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

वाचकांपैकीं जे शिक्षक असतील त्यांस एकच विनंति. मुलांना वृक्षाचे पर्यायशब्द शिकविण्यापूर्वीं त्यांस शाळेच्या आवारांतील एखाद्या झाडापाशीं न्यावें आणि सालीवरून हात फिरवूं द्यावा.