अण्णा, तार टाकू नका!

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांचं आई-बाबांवरचं प्रेम बरेचदा टेम्पोतून घरी जातं. पहिल्या बोनसमध्ये वॉशिंग मशीन, दुसऱ्यात फ्रिज आणि लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर. वस्तू पोचली की आपण निश्चिंत! पण ती बिघडली की टेक सपोर्ट कोण? अर्थात तुम्हीच, तेही फोनवर.

माझं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. 2023 च्या मराठा आरक्षण आंदोलनापासून हे नाव सगळ्यांना पाठ झालंय. मला मात्र गाव म्हटलं की आईचा दमा आठवतो. तिचं नेब्युलायझर रात्री लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालतं.

एका रात्री दहा वाजता अण्णांचा फोन. "अगं, बटन दाबलं की फ्यूज उडतोय. वडीगोद्रीहून चार आणले होते, तीन गेले. आता तांब्याची तारच टाकतो, रातभर तरी चालंल."

मागे आईचा खोकला ऐकू येत होता. तरी मी म्हटलं, "अण्णा, तार टाकू नका!"

कारण साधं आहे. इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी 12 व्होल्टचीच असते, पण शॉर्ट झाली तर क्षणात हजारभर अँपिअर करंट सोडू शकते. फ्यूज वितळतो म्हणून वायर वाचते. जाड तार टाकली की वितळायची पाळी वायरची, आणि मग घराची.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आलेय. आमच्या धंद्यातला पहिला नियम इथेही चालतो : आधी प्रॉब्लेमचे दोन तुकडे करा. फ्यूज एकच उरला होता, म्हणजे चान्सही एकच.

"लाल वायर बॅटरीच्या प्लसलाच आहे ना?" "हाय." "आता इन्व्हर्टरच्या लाइनचा एमसीबी खाली करा, फ्यूज बसवा आणि बटन दाबा."

लोड नसतानाही फ्यूज उडाला असता, तर आतला मॉस्फेट शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी होती. मग तो थेट मेकॅनिककडे. घरी उघडायचा नाही, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

फोनवर हलकीशी घूं ऐकू आली. फ्यूज टिकला! म्हणजे गडबड घरातल्या लोडमध्ये होती.

"अण्णा, काय काय चालू आहे?" "दोन बल्ब, एक पंखा. बस." "आणि हौदावरची मोटर?" "तिचं बटन चालूच असतंय की. लाइट आली का टाकीत पाणी चढतंय."

सापडलं! आदल्याच आठवड्यात घराचं वायरिंग नवं झालं होतं आणि वायरमनने मोटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडला होता. अर्धा एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. 12 व्होल्टच्या बॅटरीवर तो आकडा दोनशे अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. बिचारा फ्यूज काय करणार?

मोटरचं बटन बंद केलं, एमसीबी वर केला. बल्ब, पंखा आणि शेवटी नेब्युलायझर, एकेक करून. सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी मोटरचा पॉइंट वेगळा करून घेतला.

घरी फोन केला की आपण "जेवलात का?" विचारतोच. त्यात एक प्रश्न वाढवा : इन्व्हर्टरच्या लाइनवर काय काय जोडलंय? मोटर, फ्रिज, मिक्सर असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून वेगळं करून घ्या. त्याच रेटिंगचे दोन-चार फ्यूज बॅटरीजवळ डबीत ठेवायला सांगा. आणि फ्यूज उडाला की आधी विचारा, कधी उडाला? बटन दाबताच, की एखादी वस्तू लावल्यावर? अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं अर्धं आई-बाबांकडे असतं, फक्त आपण विचारायला हवं.